काठावरची पदवी आणि व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण

(दुसरबीड, ता. सिंदखेडराजा, जि. बुलडाणा येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आपल्यापैकीच काही शिक्षकांनी सुचविला आहे. पदवी परीक्षेत अठ्ठेचाळीस, पन्नास, बावन्न टक्के गुण मिळालेल्या, मध्ये एकदोन विषय राहून एटीकेटीवर पुढे गेलेल्या मुलामुलींनी व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, म्हणजे एमबीएला, अर्ज करावा किंवा काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या गावांतून सामान्यतः दोन प्रकारे दिले जाते. पहिले उत्तर, "तुझ्या मार्कांवर तुला कोण घेणार?" दुसरे उत्तर, "पैसे भरा, काम होऊन जाईल." ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पहिल्या उत्तराने एखाद्या होतकरू मुलाची वाट बंद होते आणि दुसऱ्याने त्याच्या बापाची दोन एकर जमीन जाते. खरे उत्तर या दोहोंपेक्षा लांब आहे, थोडे किचकट आहे आणि ते नियमांच्या पुस्तिकेत छापलेले आहे. ते आपणासमोर उलगडून ठेवावे, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम एक शंका दूर करतो. व्यवस्थापन हा मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतींतील विषय, त्याचा दुसरबीडशी काय संबंध, असे काहींच्या मनात असेल. महाराष्ट्राचा अनुभव निराळा आहे. अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) लोणीच्या परिसरात विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला व १९५०-५१ च्या हंगामात तो सुरू झाला. विखे पाटलांचे शालेय शिक्षण अगदी प्राथमिक इयत्तांपुरते झाले होते. त्या कारखान्याचे अध्यक्षपद सांभाळले ते केंब्रिजला शिकलेल्या अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी. माणसे हेरणारा शेतकरी आणि हिशेब जाणणारा विद्वान यांच्या सहकार्यातून ती संस्था उभी राहिली. पुण्यातील राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेला १९६७ मध्ये वैकुंठभाई मेहता यांचे नाव देण्यात आले. सहकाराला प्रशिक्षित व्यवस्थापक लागतात, ही जाणीव त्यामागे होती. आपल्या गावाने जिजामाता सहकारी साखर कारखान्याची चिमणी धुरासह पाहिली आहे आणि धुराविनाही पाहिली आहे. कारखाना का थांबतो याची कारणे अनेक असतात, त्यांत मी आज शिरत नाही. पण उसाचा पुरवठा, कर्जाचे हप्ते, साखरेचा साठा आणि विक्रीचा भाव यांचा मेळ घालणारा जाणकार माणूस गावातलाच असावा, असे ज्यांना वाटले त्यांना माझे म्हणणे समजावून सांगण्याची गरज नाही.

आज तर ही गरज अधिक आहे. कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपनी स्थापन करण्याची सोय झाली. केंद्र शासनाने २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना आणली, तीत व्यवस्थापन खर्चासाठी प्रत्येक संघटनेस तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. त्यातून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे वेतन देता येते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये संपूर्ण खुला झाला आणि तो आपल्याच तालुक्यातून गेला आहे. सोयाबीन प्रतवारी करून, साठवून, योग्य वेळी विकावयाचे म्हटले तर रस्ता तयार आहे, माणूस कोठे आहे?

माणूस आहे. फक्त त्याची गुणपत्रिका उणी आहे. आणि ती उणी का आहे हेही आपण शिक्षक मंडळींनी स्वच्छ मनाने पाहिले पाहिजे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा अकरावीला विज्ञान किंवा वाणिज्य घेतो आणि एकाएकी इंग्रजी पाठ्यपुस्तकापुढे बसतो. पदवीच्या पहिल्या वर्षी तालुक्याच्या गावी रोज एसटीने जाऊन येतो. हिवाळी सत्राच्या परीक्षा ज्या सुमारास येतात त्याच सुमारास घरी सोयाबीनची काढणी आटोपून कापसाची वेचणी सुरू झालेली असते. मजूर मिळाला नाही तर घरचे हात लागतात. पहिल्या दोन सत्रांत विषय राहतात ते येथे. यात आळस नसतोच असे मी म्हणणार नाही, आळसाला तालुका लागत नाही. पण पहिल्या वर्षी चाळीस टक्के आणि तिसऱ्या वर्षी त्रेसष्ट टक्के घेणारा मुलगा आळशी आहे असे म्हणणाऱ्याने गुणपत्रिका शेवटपर्यंत वाचलेली नसते.

आता मुख्य मुद्दा. प्रवेशाच्या बाबतीत पदवीचे गुण दोन वेगवेगळ्या ठिकाणी विचारात घेतले जातात आणि आपण त्या दोन्हींची गल्लत करतो. एक, पात्रता. दुसरे, गुणानुक्रम. पात्रता म्हणजे उंबरठा. तो ओलांडला की ओलांडला, मग एका बोटाने ओलांडला की वीतभर उंचीने, हे कोणी विचारीत नाही. गुणानुक्रम म्हणजे आत गेल्यावर लागणारी रांग. ती कशावर लावावयाची हे प्रत्येक प्रक्रियेत निराळे असते.

आपल्या राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत एमबीए किंवा एमएमएस या अभ्यासक्रमांसाठी पात्रता अशी आहे: किमान तीन वर्षांची पदवी आणि तीत एकूण किमान ५० टक्के गुण. महाराष्ट्रातील मागासवर्गीय प्रवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक व दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट ४५ टक्क्यांची आहे. उंबरठा हा एवढाच. त्यानंतरचा गुणानुक्रम लागतो तो राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाने घेतलेल्या परीक्षेतील कामगिरीवर. दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटे. तर्कशक्ती, आकृत्यांवरील तर्क, अंकगणित आणि इंग्रजी भाषा. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. प्रश्नपत्रिका इंग्रजीतून असते, ही अडचण खरी आहे व तिच्याकडे मी पुढे येतो.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ ची. पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग १९७१ चा. सिडनहॅम महाविद्यालय १९१३ चे, आणि त्याच परंपरेतील शासकीय व्यवस्थापन संस्था १९८३ ची. या नामांकित संस्थांतील राज्यस्तरीय जागा याच सामायिक परीक्षेच्या गुणानुक्रमाने भरल्या जातात. पदवीला बरोबर पन्नास टक्के मिळविलेला दुसरबीडचा मुलगा त्या परीक्षेत पुढे आला तर पंच्याऐंशी टक्क्यांच्या पदवीधराच्या आधी त्याचा क्रमांक लागतो. "तुझ्या मार्कांवर कोण घेणार" या उत्तराला छेद देणारी ही वस्तुस्थिती आहे आणि ती आपल्या महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर मला फारशी कोठे दिसलेली नाही.

येथे एक लहानसा खुलासा करतो, कारण पालकांशी बोलताना तो नेहमी करावा लागतो. या परीक्षांचा निकाल टक्क्यांत नसून पर्सेंटाइलमध्ये येतो. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभरात नव्वद गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभर उमेदवारांपैकी सुमारे नव्वद जण ज्याच्या मागे आहेत, तो नव्वद पर्सेंटाइलवर. प्रश्नपत्रिका अवघड निघाली तर निम्मे प्रश्न अचूक सोडविणाराही वर जातो. पदवी परीक्षेत काठावर राहिलेल्या मुलाला "मला कधीच नव्वद पडणार नाहीत" असे वाटत असते, त्याला हा फरक समजावून सांगणे हे शिक्षकाचे काम आहे.

आता उंबरठ्याचे गणित करू. समजा, पदवीची सहा सत्रे आहेत आणि प्रत्येक सत्र सहाशे गुणांचे आहे, एकूण ३,६०० गुण. पहिल्या वर्षी १,२०० पैकी ४८० मिळाले, म्हणजे ४० टक्के. दुसऱ्या वर्षी ५६०. दोन वर्षांची बेरीज १,०४०, म्हणजे सुमारे ४३ टक्के. येथे मुलगा मनाने बाद होतो. पण पन्नास टक्क्यांसाठी एकूण १,८०० गुण हवेत, म्हणजे तिसऱ्या वर्षी १,२०० पैकी ७६०, सुमारे ६३ टक्के. कठीण आहे, अशक्य नाही. आणि ज्याला ४५ टक्क्यांची सवलत लागू आहे त्याला एकूण १,६२० पुरतात. त्याने तिसऱ्या वर्षी ५८० मिळविले तरी भागते, ते ४८ टक्क्यांच्या आसपास येतात. ही बेरीज दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला त्या आठवड्यात मुलाला समोर बसवून कागदावर करून दाखविली पाहिजे. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी केलेली बेरीज फक्त हळहळ निर्माण करते.

मात्र टक्केवारी कशी काढावयाची, सर्व सत्रे धरून की ठरावीक वर्षांची, हे ज्या त्या विद्यापीठाच्या नियमावर अवलंबून असते. जेथे श्रेयांक पद्धतीने सरासरी श्रेणी दिली जाते तेथे तिचे टक्क्यांत रूपांतर करण्याचे विद्यापीठाचे सूत्र असते व त्याप्रमाणे रूपांतराचे प्रमाणपत्र जोडावे लागते. मनाने दहाने गुणून टक्के लिहिणारे उमेदवार कागदपत्रांच्या पडताळणीत अडकतात. त्याचप्रमाणे "मला सेकंड क्लास आहे, म्हणजे पन्नास झालेच" असेही समजू नये. द्वितीय श्रेणी कोणत्या टक्क्यापासून सुरू होते हे सर्व विद्यापीठांत सारखे नाही.

राष्ट्रीय पातळीवरचा मार्ग याहून वेगळा आहे. भारतीय व्यवस्थापन संस्था कोलकाता आणि अहमदाबाद येथे १९६१ मध्ये स्थापन झाल्या. कोलकात्याला अमेरिकेतील एमआयटीचे आणि अहमदाबादला हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाचे सहकार्य होते. आता अशा संस्था देशभर आहेत. विदर्भात नागपूरला २०१५ पासून आहे आणि २०२३ मध्ये मुंबईच्या जुन्या 'नीटी' संस्थेलाही तो दर्जा मिळाला. या संस्थांची सामायिक परीक्षा म्हणजे कॅट, ती नोव्हेंबरच्या अखेरीस होते. तेथेही उंबरठा ५० टक्क्यांचा आहे. परंतु ४५ टक्क्यांची सवलत तेथे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग उमेदवारांनाच आहे. इतर मागासवर्गीयांना जागांचे आरक्षण आहे, उंबरठ्याची सवलत नाही. म्हणजे ४७ टक्क्यांचा इतर मागासवर्गीय विद्यार्थी राज्याच्या परीक्षेला पात्र आणि कॅटला अपात्र ठरतो. हा भेद माहीत नसल्यामुळे वर्षभराची तयारी वाया गेलेली मुले आहेत.

दुसरा भेद रांगेचा. यांपैकी अनेक संस्था मुलाखतीला बोलाविताना किंवा अंतिम निवड करताना केवळ कॅटचे गुण पाहत नाहीत. दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींच्या टक्केवारीला त्यांच्या सूत्रात स्थान असते, कामाच्या अनुभवालाही असते. अहमदाबादची संस्था तर या सर्वांवरून अर्जदाराचे एक मूल्यांकनच करते. तेव्हा काठावरच्या पदवीधराला तेथे दार बंद नसले तरी चढण मोठी आहे, हे प्रामाणिकपणे सांगावे. खोटी आशा देणे हेही एक प्रकारचे नुकसानच आहे. पण प्रत्येक संस्थेचे सूत्र निराळे असते व ती आपले निकष दरवर्षी प्रसिद्ध करते. पदवीच्या गुणांना कमी भार देणाऱ्या संस्था त्यातून शोधून काढता येतात. अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी हे वाचन झाले पाहिजे.

परदेशातील आणि तशा धर्तीवर चालणाऱ्या संस्थांचा मार्ग तिसरा. हार्वर्डमध्ये हे शिक्षण १९०८ मध्ये सुरू झाले. अशा विद्यालयांत किमान टक्केवारीची छापील अट बहुधा नसते. ते जीमॅट किंवा जीआरई या परीक्षेचे गुण, अर्जदाराने लिहिलेले निबंध, वरिष्ठांची शिफारसपत्रे आणि नोकरीतील कामगिरी एकत्र पाहतात. हैदराबादला २००१ मध्ये सुरू झालेली इंडियन स्कूल ऑफ बिझनेस ही संस्थाही कामाचा अनुभव घेतलेल्यांसाठी आहे. तेथे पदवीचे गुण दुबळे असल्यास त्याचे स्पष्टीकरण देण्यासाठी अर्जात वेगळी जागा ठेवण्याची प्रथा अनेक विद्यालयांत आहे. खर्चाचा विचार करता आपल्याकडील फार थोडे तेथवर जातील. तथापि त्या जागेत काय लिहावे हा विचार आपल्या मुलाखतींनाही उपयोगी पडतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

"तुमचे पदवीचे गुण इतके कमी कसे?" हा प्रश्न मुलाखतीत येणारच, असे धरून चालावे. आपली मुले त्यावर दोन प्रकारे घसरतात. काही मान खाली घालून गप्प बसतात. काही गरिबीचे लांबलचक वर्णन करतात. समोर बसलेल्या प्राध्यापकांना दया दाखवावयाची नसते. दोन वर्षांचा कठोर अभ्यासक्रम हा मुलगा पेलू शकेल काय, एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे असते. म्हणून उत्तर तीन-चार वाक्यांचे असावे. काय घडले, किती काळ चालले, नंतर काय बदलले आणि त्याचा पुरावा कोणता. "पहिल्या वर्षी वडिलांच्या आजारपणात शेती मी पाहिली, दोन विषय राहिले, दुसऱ्या वर्षी ते सोडविले, तिसऱ्या वर्षी त्रेसष्ट टक्के आहेत, त्यानंतर दीड वर्ष उत्पादक कंपनीचे हिशेब मी सांभाळले." यात एकही विशेषण नाही आणि प्रत्येक वाक्य कागदाने सिद्ध होते. आजारपण झालेच नसेल तर ते निर्माण करू नये. अभ्यासाकडे दुर्लक्ष झाले असेल तर तसे म्हणावे आणि नंतरच्या सुधारणेकडे वळावे. तिसऱ्या वर्षाचा आकडा बोलका असला की पहिल्या वर्षाचा आवाज आपोआप कमी होतो.

या उत्तरातील शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एमबीएला वयाची अट नाही, राज्याच्या प्रवेशासाठी नाही आणि कॅटसाठीही नाही. पदवी झाली त्याच वर्षी प्रवेश मिळालाच पाहिजे हा हट्ट आपला आहे, नियमांचा नाही. दोन वर्षे काम करून मग अर्ज करणारा उमेदवार अधिक पक्व असतो आणि त्याच्या अर्जात पदवीनंतरचेही काही लिहिण्यासारखे असते. हे काम मुंबईतच मिळते असे नाही. शेतकरी उत्पादक कंपनीतील साठ्याची नोंद, पतसंस्थेतील कर्जवसुली, कृषिसेवा केंद्राची खरेदी-विक्री, उमेद अभियानातील बचत गटांच्या प्रभागसंघाचे लेखे, हे सर्व व्यवस्थापनाचे काम आहे. फक्त त्याचे नियुक्तिपत्र, वेतनाची बँकेतील नोंद आणि अनुभवाचा खरा दाखला असला पाहिजे. ग्रामपंचायत सदस्यांपैकी अनेकजण अशा संस्थांवर संचालक आहेत. गावच्या पदवीधराला काम दिले तर पगार रोखीने न देता बँकेतून द्यावा, एवढी माझी त्यांना विनंती आहे. तीन वर्षांनी तोच कागद त्या मुलाच्या कामी येतो.

रवि मथाई हे १९६५ मध्ये अहमदाबाद संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक झाले, तेव्हा त्यांच्याजवळ डॉक्टरेट नव्हती. त्यांनी १९७२ मध्ये संचालकपद आपणहून सोडले आणि १९७५ पासून राजस्थानातील जवाजा या कोरड्या भागातील विणकर व चर्मकार कुटुंबांसमवेत काम सुरू केले. कच्चा माल कोठून आणावा, हिशेब कोणी ठेवावा, बाजारपेठ कशी गाठावी, हे त्या कुटुंबांनी स्वतः ठरवावे, असा तो प्रयोग होता. व्यवस्थापनाचे शिक्षण खेड्यात काय करू शकते याचे ते एक जुने पण उत्तम उदाहरण आहे. मुलाखतीत दुसरबीडच्या मुलाने आपल्या गावच्या पतसंस्थेबद्दल बोलावयास लाजू नये, एवढ्यासाठी त्याचा उल्लेख केला.

इंग्रजीचे काय? ही अडचण शिकवणीच्या महागड्या वर्गाने सुटते असा समज आहे. वर्गाचा उपयोग होतो, नाही असे नाही. पण ज्या परीक्षेत चुकीचे उत्तर गुण कापीत नाही आणि तर्क व गणित यांचे प्रश्न इंग्रजी भाषेच्या प्रश्नांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, तेथे गणित चांगले असलेल्या मराठी माध्यमाच्या मुलाची बाजू मुळातच कच्ची नाही. त्याला प्रश्नाचे इंग्रजी समजणे पुरेसे असते. त्यासाठी रोज एक इंग्रजी वृत्तपत्राचे अर्थविषयक पान आणि शाळेच्या संगणक कक्षात आठवड्यातून एक वेळ लावलेली सराव परीक्षा, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. परीक्षा संगणकावर असते. मुलाचा हात माऊसवर बसलेला नसेल तर दीडशे मिनिटांतील वीस मिनिटे तेथेच जातात.

आता दुसऱ्या उत्तराकडे येतो: "पैसे भरा, काम होऊन जाईल." खासगी विनाअनुदानित संस्थांत काही जागा संस्थास्तरावर भरल्या जातात हे खरे आहे. पण त्या जागांनाही पात्रतेची अट सुटत नाही. उंबरठ्याच्या खाली असलेल्या विद्यार्थ्याला एखाद्या संस्थेने पैसे घेऊन बसवून घेतले तरी त्या प्रवेशाला मान्यता मिळत नाही आणि वर्ष संपता संपता त्याला घरी परतावे लागते. देणगी घेणे हे १९८७ च्या कायद्याने राज्यात प्रतिबंधित आहे आणि व्यावसायिक संस्थांचे प्रवेश व शुल्क यांचे नियमन २०१५ च्या कायद्याने होते. मंजूर शुल्क किती ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. तेव्हा कोणी मध्यस्थ घरी आला तर त्याला तीनच गोष्टी विचाराव्यात: अभ्यासक्रमाला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे काय, पदवी कोणते विद्यापीठ देणार, आणि शुल्काची पावती पूर्ण रकमेची मिळणार काय. बहुतेक मध्यस्थ तिसऱ्या प्रश्नापर्यंत थांबत नाहीत.

याशिवाय आणखी एक हानी होते, ती कोणाच्या लक्षातच येत नाही. शासनाच्या शुल्क सवलती केंद्रीभूत प्रक्रियेतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृह निर्वाहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची योजना, आणि २०२४ च्या जुलैमध्ये ज्याचा शासन निर्णय निघाला ती मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाची संपूर्ण शुल्कमाफी, जिच्यासाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुली पात्र आहेत. संस्थास्तरावर पैसे भरून गेलेली मुलगी या माफीला मुकते. बावन्न टक्के गुणांची मुलगी "कमी मार्क" म्हणून प्रक्रियेत अर्जच करीत नाही आणि जे शिक्षण तिला शुल्काविना मिळू शकले असते त्यासाठी घर कर्ज काढते, याला काय म्हणावे?

एक प्रश्न मघाशी चिठ्ठीवर आला आहे: पदवी झाली, टक्के चव्वेचाळीस, आता काय? उत्तर स्पष्ट देतो. त्या पदवीवर राज्याच्या प्रक्रियेतून एमबीए होणार नाही. विद्यापीठाच्या नियमांत श्रेणीसुधारासाठी पुन्हा परीक्षेला बसण्याची सोय असेल तर ती मुदतीत घ्यावी. नसेल तर १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून काम करता करता दुसरी पदवी घेता येते. तीन वर्षे लागतात, पण ती नोकरीसोबत जातात. आणि ज्याला सहकारातच काम करावयाचे आहे त्याने एमबीएच्या मागे धावण्यापूर्वी सहकार खात्याच्या जीडीसी अँड ए, म्हणजे शासकीय सहकार व लेखा पदविकेच्या परीक्षेचा विचार करावा. सहकारी संस्थांत तिला मान आहे आणि शुल्क नाममात्र आहे.

शेवटी कागदपत्रांबद्दल, कारण येथे बसलेल्या अधिकाऱ्यांचा व मुख्याध्यापकांचा थेट संबंध त्यांच्याशी आहे. ४५ टक्क्यांची सवलत प्रमाणपत्रावर उभी आहे. मागास प्रवर्गातून अर्ज केलेल्या उमेदवाराकडे जात वैधता प्रमाणपत्र किंवा लागू असेल तेथे मुदतीतले नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्र वेळेवर नसेल, तर त्याचा विचार खुल्या प्रवर्गातून होतो. आणि खुल्या प्रवर्गाचा उंबरठा ५० टक्क्यांचा आहे. म्हणजे ४७ टक्क्यांच्या मुलाचे केवळ आरक्षण जात नाही, त्याची पात्रताच जाते. पासष्ट टक्क्यांच्या मुलाला कागद उशिरा मिळाला तर त्याचे महाविद्यालय बदलते. काठावरच्या मुलाचे वर्षच जाते.

आणि जात वैधता ही आठ दिवसांत होणारी गोष्ट नाही. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. तो पुरावा बहुधा आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत किंवा कोतवाल बुकाच्या नकलेत असतो. या नोंदवह्या जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांच्या कपाटांत आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आहेत. काही पाने कसर लागून झिजली आहेत, काही नावे मोडीत आहेत. मुख्याध्यापकांनी उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी त्यांचे उतारे देण्याचा एक दिवस ठरवावा, ग्रामपंचायतीने तो दवंडीने किंवा भ्रमणध्वनीच्या गटावर कळवावा, आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या प्रत्येक मुलामुलीचा अर्ज त्याच वर्षी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जावा. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी आहे, तिच्याकडे त्याहून आधी. राज्याच्या परीक्षेचे अर्ज बहुधा हिवाळ्यात सुरू होतात, कॅटचे त्याआधी ऑगस्टमध्येच.